भाविक : ग्राहक की सभासद?

ऑक्टोबर 2023 मध्ये व्हॅटिकनच्या पॉल सहावा सभागृहात कॅथलिक चर्चची धर्मसभा भरली, तेव्हा आत गोल टेबलं मांडली होती. एरवी अशा सभांत बिशप मानाच्या क्रमानं ओळीत बसत. या वेळी एकाच टेबलाभोवती कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी, प्राध्यापक आणि चर्चचं काम करणारी तरुण मुलंमुली बसली होती. महिनाभराच्या चर्चेनंतर अहवालाच्या एकेका परिच्छेदावर मतदान झालं, आणि त्यात कार्डिनलचं एक मत तर शेजारच्या बाईंचंही एकच मत. सुमारे 365 मतदारांत 54 स्त्रिया होत्या. त्यांतल्या एकीनंही गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरू होण्याची दीक्षा, घेतलेली नव्हती, कारण कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना ती मिळतच नाही.

या बातमीनं दोन प्रकारची माणसं गोंधळली. काहींना वाटलं, चर्चमध्ये आता लोकशाही आली. इतरांना यात एवढं काय आहे तेच कळेना. भाविकांशिवाय धर्म चालतो तरी कसा? दुसऱ्या प्रश्नात जास्त अर्थ आहे. दीक्षा न घेतलेला साधा भाविक धर्मसमुदायात नक्की कोण असतो, त्याचं काम काय आणि त्याचा अधिकार किती, हे समजून घेतलं की चर्चमध्ये लोकशाही आली का, याचंही उत्तर मिळतं.

कोण दीक्षित, कोण प्रापंचिक?

बहुतेक मोठ्या धर्मांत दोन प्रकारचे लोक दिसतात. काहींनी धर्मकार्याची रीतसर दीक्षा घेतलेली असते : बौद्ध भिक्खू-भिक्खुणी, जैन साधू-साध्वी, ख्रिस्ती धर्मगुरू. उरलेले सगळे घर, नोकरी, शेती, मुलंबाळं सांभाळून धर्म पाळणारे. त्यांना बौद्ध परंपरा उपासक-उपासिका म्हणते, जैन परंपरा श्रावक-श्राविका म्हणते आणि मराठी ख्रिस्ती समाज प्रापंचिक म्हणतो. मी या लेखात सगळ्यांसाठी ‘प्रापंचिक’ हाच शब्द वापरेन.

इथे एक गफलत सर्रास होते. धर्मभगिनी म्हणजेच नन या धर्मगुरूंच्या बरोबरीच्या दीक्षित आहेत असं लोक धरून चालतात. त्यांनी व्रतं घेतलेली असतात, पण गुरुदीक्षा नाही. ‘दीक्षित की अदीक्षित’ एवढीच रेघ मारली, तर चर्चच्या कायद्याप्रमाणे त्या प्रापंचिकांच्या बाजूला येतात. जानेवारी 2025 मध्ये सिमोना ब्राम्बिला या धर्मभगिनी व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या, असं पद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. ती बातमी मोठी का होती, हे या रेघेवरून कळतं.

संख्येचं प्रमाणही ध्यानात घ्यावं. जगात कॅथलिक सुमारे 140 कोटी आणि धर्मगुरू सुमारे 4 लाख. म्हणजे साधारण साडेतीन हजार माणसांमागे एक धर्मगुरू. इतर धर्मांतही चित्र फार वेगळं नाही. धर्माबद्दल बोलताना आपण ज्यांचे फोटो छापतो, ते त्या धर्माचा अगदी लहानसा भाग असतात.

एका दिवसाचं अन्न

दीक्षित वर आणि प्रापंचिक खाली, अशी उतरंड आपण गृहीत धरतो. बौद्ध भिक्खूंचे नियम वाचले की ही समजूत डळमळते. कुणी हातात दिल्याशिवाय भिक्खूनं अन्न तोंडात घालायचं नाही. आज मिळालेलं उद्यासाठी ठेवायचं नाही. सोनं-चांदी घ्यायची नाही. जमीन खणायची नाही, म्हणजे स्वतः पिकवून खाण्याची वाटही बंद. हे नियम एकत्र पाहिले तर त्यांचा परिणाम दिसतो : रोज सकाळी भिक्खूला गृहस्थाच्या दारात जावंच लागतं. गावानं दारं लावली, तर संघ दोन दिवसांत उपाशी पडेल.

आणि एकदा तसं झालंही. कोसंबी नगरातले भिक्खू एका क्षुल्लक कारणावरून भांडले, दोन तट पडले. खुद्द बुद्धांनी समजावलं, तरी कुणी ऐकेना. बुद्ध त्यांना सोडून निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी ठरवलं की या भिक्खूंना वंदन करायचं नाही, उठून मान द्यायचा नाही, भिक्षा घालायची नाही. जे बुद्धांच्या उपदेशानं झालं नाही, ते रिकाम्या पात्रानं झालं. भिक्खू श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि भांडण मिटवलं. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. संघानं आपलीच फजिती जपून ठेवावी, याचं मला फार मोल वाटतं.

विनयातले कितीतरी नियम प्रापंचिकांच्या तक्रारीतून आले आहेत. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटं करून राहतात, असं लोक बोलू लागले. त्यातून वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचा, नियम झाला. बुद्धांचा छोटा मुलगा राहुल याला प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून संघात येण्याची दीक्षा, दिल्यावर आजोबा शुद्धोदन कळवळले आणि त्यांनी बुद्धांना एक मागणं घातलं. तेव्हापासून आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला प्रव्रज्या नाही.

हा दाब एकतर्फी नाही. संघाला मुद्दाम इजा पोचवणाऱ्या गृहस्थाच्या घरची भिक्षा संघ नाकारू शकतो. याला पात्र पालथं घालणं म्हणतात. म्यानमारमध्ये 1990 साली आणि पुन्हा 2007 साली भिक्खूंनी लष्करी राजवटीतल्या लोकांविरुद्ध हेच शस्त्र उचललं. दान देणाऱ्याला पुण्य हवं असतं, घेणाऱ्याला अन्न. दोघांच्याही हातात नकार आहे, म्हणून दोघेही एकमेकांना धरून वागतात.

जैन परंपरेनं हीच गोष्ट रचनेतच बसवली. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका मिळून चतुर्विध संघ होतो. श्रावक-श्राविका संघाच्या बाहेरचे हितचिंतक नाहीत; त्यांच्याविना संघ अर्धाच. त्यांची स्वतःची बारा व्रतं आहेत. साधू पैशाला हात लावत नाही, त्यामुळे मंदिरं, ग्रंथभांडारं, धर्मादाय निधी यांचा कारभार ओघानंच श्रावकांकडे येतो. ठाणांगसूत्र या जैन ग्रंथात श्रावकांचे चार प्रकार सांगितले आहेत : साधूंशी आईवडिलांसारखे वागणारे, भावासारखे, मित्रासारखे आणि सवतीसारखे. पहिला प्रकार पाहा. ज्याच्या पाया पडायचं, त्याच्याशीच आईवडिलांच्या मायेनं आणि हक्कानं वागायचं. पूज्यभाव आणि कान धरण्याचा अधिकार एकत्र नांदू शकतात, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

धर्मगुरू उरलेच नाहीत तर?

प्रापंचिकांच्या बळाची सर्वांत कठोर परीक्षा जपानमध्ये झाली. 1614 मध्ये तिथल्या राजवटीनं ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकललं, सापडले त्यांना मारलं. 1644 मध्ये शेवटचा उरलेला धर्मगुरूही मारला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं त्या देशात एकही धर्मगुरू नव्हता. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) नाही, पापनिवेदन नाही, बायबल हातात नाही. पकडलं गेलं तर छळ आणि मरण.

नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी या काळात कामं वाटून घेतली. एक जण पंचांग सांभाळी : नाताळ कधी, उपासाचे दिवस कोणते, हे तो मोजून ठेवी. दुसरा बाळांना बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघरी गुपचूप निरोप पोचवी. बाप्तिस्माच का टिकला? कारण चर्चच्या नियमाप्रमाणे गरज पडल्यास तो कोणीही देऊ शकतं. आजच्या कायद्यातही तसंच आहे. योग्य हेतू असेल आणि विधी बरोबर केला, तर देणारी व्यक्ती ख्रिस्ती असण्याचीही अट नाही. ज्या विधींना धर्मगुरू लागतो ते थांबले. जो प्रापंचिकाच्या हाती होता, तो पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला.

17 मार्च 1865 रोजी नागासाकीत परदेशी लोकांसाठी नव्यानं बांधलेल्या ओउरा चर्चच्या दाराशी उराकामी गावचे दहा-पंधरा लोक आले. फ्रेंच धर्मगुरू बर्नार प्तीजाँ यांच्याजवळ जाऊन त्यांच्यातल्या एका बाईनं हळूच सांगितलं, की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. मग त्यांनी विचारलं, सान्ता मारियाची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती कुठे आहे? सात पिढ्या उलटून गेल्या होत्या. पुढच्या काळात असे हजारो लोक समोर आले. बंदी मात्र 1873 पर्यंत उठली नाही, आणि उराकामीच्या लोकांना त्याआधी हद्दपारी सोसावी लागली.

कोरियात तर चर्चची सुरुवातच प्रापंचिकांनी केली. काही विद्वानांनी चीनमधून आलेली पुस्तकं वाचली, त्यांच्यातल्या यी सुंग-हून यांनी 1784 मध्ये बीजिंगला बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन इतरांना दिला. पहिला धर्मगुरू पोचायला आणखी दहा वर्षं लागली; तोवर तिथे काही हजार ख्रिस्ती झालेले होते. उत्साहाच्या भरात त्यांनी मिस्साही सुरू केली होती. पण याचा अधिकार आपल्याला आहे का, अशी शंका त्यांच्याच मनात आली. त्यांनी बीजिंगला विचारणा केली आणि नाही असं उत्तर आल्यावर ती थांबवली. आपली मर्यादा त्यांनी स्वतःच शोधली.

काम मिळतं, अधिकार मिळतो का?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रापंचिक खूप काम करतात, यावर कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो निर्णयाचा.

हे समजायला सहकारी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. बँकेच्या ग्राहकाला सेवा आवडली नाही, तर तो खातं बंद करून दुसरीकडे जातो. पतसंस्थेचा सभासद वार्षिक सभेत उभा राहून विचारतो, हा खर्च का झाला? व्यवस्थापकाचं रोजचं काम सभासद करत नाही, त्याला ते येतही नसेल. पण संस्था त्याचीही आहे. प्रापंचिक भाविक या दोघांपैकी कोण, यावर प्रत्येक धर्मसमुदायाचा स्वभाव ठरतो.

कॅथलिक चर्चचं उत्तर गेल्या साठ वर्षांत हळूहळू सरकत आलं आहे. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सांगितलं, की बाप्तिस्मा घेतलेली प्रत्येक व्यक्ती चर्चच्या कार्यात वाटेकरी आहे, धर्मगुरूंची नुसती मदतनीस नाही. त्यानंतर 1983 चा धर्मकायदा आला. त्यातल्या 212 व्या नियमाप्रमाणे आपलं मत धर्माधिकाऱ्यांना सांगणं हा प्रापंचिकांचा हक्क आहे, आणि कधीकधी कर्तव्यही. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालच्या स्थानिक समुदायात, आर्थिक समिती असलीच पाहिजे, असं 537 वा नियम सांगतो.

पण त्याच्या अलीकडचाच 536 वा नियम पाहा. धर्मग्रामाच्या पालकीय समितीचं, म्हणजे धर्मगुरूला धार्मिक कामात मदत करणाऱ्या भाविकांच्या समितीचं, मत फक्त सल्ल्यापुरतं आहे. समिती बारा महिने बैठका घेईल, एकमतानं ठराव करेल, आणि धर्मगुरूला तो बाजूला ठेवता येईल. बदली होऊन नवे धर्मगुरू आले, की आधीच्या समितीचं सगळं काम बासनात जाऊ शकतं. लोक समितीवर यायला कचरतात, याचं एक मोठं कारण हे आहे.

सल्ला आणि निर्णय यांच्यातलं अंतर किती महाग पडतं, ते अमेरिकेत दिसलं. 2002 मध्ये बॉस्टनमधल्या बातम्यांनी उघड केलं, की मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नुसतं हलवलं जात होतं. निर्णय करणारे सगळे दीक्षित होते. ज्यांची मुलं होती, त्या आईबापांना त्या खोलीत जागा नव्हती. त्याच वर्षी बिशपांनी प्रापंचिकांचं राष्ट्रीय आढावा मंडळ नेमलं. त्याचे पहिले अध्यक्ष, ओक्लाहोमाचे माजी गव्हर्नर फ्रँक कीटिंग यांनी काही बिशपांच्या लपवाछपवीवर उघड आणि कडक शब्दांत टीका केली, त्यावरून वादळ उठलं आणि 2003 मध्ये ते पायउतार झाले. मंडळ मात्र राहिलं. मला वाटतं, प्रापंचिकांना निर्णयात का घ्यायचं, याचं सर्वांत बळकट उत्तर या प्रकरणात आहे. ज्यांचं लेकरू पणाला लागलेलं असतं, ती माणसं संस्थेचं नाव वाचवण्यापेक्षा लेकरू वाचवायला बघतात.

‘सत्य काय मतदानानं ठरवायचं?’

हा आक्षेप सर्वांत जुना आणि त्यात दमही आहे. देव एक की तीन, कर्म म्हणजे काय, हे हात वर करून ठरत नाही. पण धर्मसमुदायात रोज होणारे बहुतेक निर्णय या जातीचे नसतात. पैसा कुठे खर्च करायचा, मुलांना कोण शिकवणार, तक्रार आली तर चौकशी कोण करणार, हे कारभाराचे प्रश्न आहेत आणि तिथे अनुभव प्रापंचिकांकडेच जास्त असतो.

तत्त्वाच्या बाबतीतही इतिहास सरळ नाही. चौथ्या शतकात ख्रिस्ताच्या देवत्वावरून वाद पेटला, तेव्हा अनेक बिशप डगमगले आणि साध्या श्रद्धावंतांनी मूळ शिकवण धरून ठेवली, हे इंग्रज कॅथलिक धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमन यांनी 1859 मध्ये दाखवून दिलं. रोममध्ये त्यावर नाराजी झाली. त्याच न्यूमन यांना 2019 मध्ये संतपद मिळालं.

‘प्रापंचिक आले की धर्म पातळ होतो’

भाविक म्हणजे सोय बघणारे, त्यांच्या हाती गेलं की सगळं सैल होणार, अशी भीती असते. पोपला न मानणाऱ्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 1970 पासून जनरल सिनॉड, म्हणजे निर्णय घेणारी धर्मसभा, आहे. त्यात बिशप, धर्मगुरू आणि प्रापंचिक अशी तीन सभागृहं आहेत. नोव्हेंबर 2012 मध्ये स्त्रियांना बिशप करण्याचा ठराव बिशपांनी आणि धर्मगुरूंनी दोन-तृतीयांशाहून जास्त मतांनी मंजूर केला. प्रापंचिकांच्या सभागृहात 132 विरुद्ध 74 अशी मतं पडली. तिथेही दोन-तृतीयांश मतं लागत होती; त्याला सहा मतं कमी पडली आणि ठराव फेटाळला गेला. म्हणजे बदल अडवणारे इथे प्रापंचिक होते. जुलै 2014 मध्ये त्याच सभागृहानं 152 विरुद्ध 45 मतांनी होकार दिला. मधल्या दीड-दोन वर्षांत भरपूर बोलणं, समजावणं, तडजोड झाली. मला ही संथ वाट हुकमापेक्षा बरी वाटते, कारण पुढे तो निर्णय ज्यांना जगायचा होता त्यांनी तो स्वतः घेतला.

‘मग धर्मगुरू हवेतच कशाला?’

काही समुदायांनी खरंच ते ठेवले नाहीत. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ जमले पाहिजेत (सनातनी पंथात दहा पुरुष). रब्बी हा शिक्षक आहे, त्याच्यावाचून प्रार्थना अडत नाही. शीख धर्मात पुरोहितवर्ग नाही. ग्रंथसाहिबाचं पठण स्त्री-पुरुष कोणीही करू शकतं. गुरुद्वारांवर वंशपरंपरेनं ठाण मांडलेल्या महंतांविरुद्ध शिखांनी 1920 नंतर मोठा लढा दिला आणि 1925 च्या कायद्यानं कारभार निवडून आलेल्या समितीकडे आणला. बहाई समुदायात दर वर्षी नऊ जणांची स्थानिक सभा गुप्त मतदानानं निवडतात, तीही उमेदवारी आणि प्रचाराशिवाय. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक मतदानही करत नाहीत : सभेचा कल कुठे आहे हे लिपिक मांडतो, आणि सगळ्यांना पटेपर्यंत निर्णय लांबतो.

तरी कुठेही माणसं पूर्ण सारखी राहत नाहीत. क्वेकरांतही ज्येष्ठांचं वजन असतं. निवडणूक आली की गट पडतात, ज्याला बोलता येतं तो पुढे जातो, ज्याच्याकडे पैसा असतो त्याचं ऐकलं जातं. देणगीदार हा बिनदीक्षेचा महंत होऊ शकतो, आणि त्याला जाब विचारणं धर्मगुरूला विचारण्यापेक्षा अवघड असतं, कारण त्याच्या अधिकाराची कुठे नोंदच नसते. म्हणून दीक्षित असावेत की नसावेत, यापेक्षा मी वेगळं काही बघेन : हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो का, समितीवर कोण येणार हे कोण ठरवतं, तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याचकडे जाते का, आणि नाही म्हणणाऱ्या माणसाला पुढच्या बैठकीला बोलावतात का.

धर्मसभेचं पुढे काय झालं?

ऑक्टोबर 2024 मध्ये त्या धर्मसभेचा अंतिम दस्तऐवज मंजूर झाला. चर्चमध्ये लोकशाही आलेली नाही. अंतिम निर्णय अजूनही बिशप आणि पोप यांचाच आहे. पण धर्मग्रामाच्या आणि धर्मप्रांताच्या (बिशपच्या देखरेखीखालच्या भागाच्या) सल्लागार समित्या सक्तीच्या कराव्यात आणि धर्माधिकाऱ्यांनी आपल्या कामाचा हिशेब लोकांना द्यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी स्वतःचं वेगळं पत्र न लिहिता तो दस्तऐवज आहे तसा स्वीकारला. एप्रिल 2025 मध्ये त्यांचं निधन झालं. त्याआधी महिनाभर पुढचा टप्पा जाहीर झाला होता : स्थानिक चर्चनी यातलं काय अमलात आणलं ते तपासायचं, आणि ऑक्टोबर 2028 मध्ये व्हॅटिकनमध्ये पुन्हा एकत्र बसून ते मांडायचं. तोवर प्रत्येक धर्मग्रामातल्या प्रापंचिकांना आपल्या धर्मगुरूला विचारता येईल, की आपल्याकडे पालकीय समिती आहे का, आणि नसेल तर कधी होणार.